आजच्या हळदीकुंकवाबद्दल (बर्फामुळे बदल)

नमस्कार मंडळी, रात्रीच्या बर्फामुळे सकाळपासून सगळ्यांचे फोन येतायत म्हणून एकदाच लिहितेय. हळदीकुंकू रद्द नाही, फक्त ३ ऐवजी ४ वाजता, हॉल तोच, अ‍ॅमहर्स्टचा.

आपल्या बफेलोचं (न्यूयॉर्क राज्यातलं) माहितीये ना, लेक ईरीवरून ढगांचा पट्टा जिथे बसेल तिथेच बदाबदा पडतं. अ‍ॅमहर्स्टला जेमतेम बोटभर बर्फ आहे आणि हॅम्बर्ग, ऑर्चर्ड पार्कवाल्यांचं दारसुद्धा उघडत नाहीये! (२०२२ च्या नोव्हेंबरात ऑर्चर्ड पार्कला ६ फुटांच्या वर पडलेला, आठवतंय ना.) त्यामुळे इथलं बघून तिथल्यांनी निघू नका.

- तुमच्या टाउनला ट्रॅव्हल बॅन (गाडी चालवायला बंदी) असेल तर अजिबात यायचं नाही, वाण आम्ही नंतर पोचवू. नुसती अ‍ॅडव्हायझरी (सावधगिरीची सूचना) असेल तर ५११ या रस्त्यांची माहिती देणाऱ्या सेवेवर रस्ते बघून तुम्हीच ठरवा.
- गाडी सुरू करण्याआधी सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढा, फर्नेसचे (घर गरम करणाऱ्या यंत्राचे) बाहेरचे पाइप पण मोकळे करा, नाहीतर विषारी कार्बन मोनॉक्साइड आत साचतो आणि त्याला वास नसतो.
- साडीवर बूट चालतील, कोणी हसणार नाही.

येणार की नाही ते १ वाजेपर्यंत ग्रुपवर टाका, तिळगूळ त्या अंदाजाने काढायचाय.