चोर घरातलाच निघाला

राजेंद्रनगर, इंदूर
१८ जून

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, मोतीबिंदू काढून अजून महिना झालेला नाही, तेव्हा हे पत्र तुम्ही वाचायचं नाही. आई वाचून दाखवेल. आई, मधे त्यांना बोलू देऊ नकोस. फोनवर सांगायला घेतलं असतं तर दुसऱ्याच वाक्याला "फिल्टर बदल" म्हणून मोकळे झाले असते, म्हणून लिहायला बसले आहे.

आधी कबुली. एप्रिलपासून तुम्ही रोज रात्री विचारत होतात, "गाडी कशी आहे?" आणि मी रोज "मस्त" म्हणत होते. मस्त नव्हती. चालता चालता बंद पडत होती. लग्नसराईत पाच वेळा पडली. पहिल्यांदा भंवरकुआँच्या सिग्नलला, पातेली-पराती भरलेली, मागे पन्नास हॉर्न. वीस-पंचवीस मिनिटं उभी राहायची आणि मग काहीही न करता सुरू व्हायची. गॅरेजात नेली की दिवसभर गरीब गाईसारखी चालू. तुमची दाढ डेंटिस्टच्या जिन्यात दुखायची थांबायची, तसंच.

आपल्या नेहमीच्या उस्तादांनी फिल्टर बदलला. (बघा, तुमच्याच मनासारखं झालं.) मग टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप बदलला. तिसऱ्या खेपेला म्हणाले, "दीदी, अब पंप ही उतारना पड़ेगा," म्हणजे इंजिनाला डिझेल देणारा मुख्य पंप, आणि अठरा हजारांचा आकडा सांगितला. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने तर स्कॅनर काढला. या गाडीला कॉम्प्युटरच नाही म्हटल्यावर माझ्याकडेच संशयाने बघायला लागला.

तेव्हा तुमची हिरवी वही काढली. २००६ पासून प्रत्येक ऑइल, प्रत्येक टायर, सगळं तुमच्या अक्षरात आहे. मागच्या कोऱ्या पानांवर मी रकाने आखले: तारीख, वेळ, टाकीत डिझेल किती, इंजिनाचा काटा कुठे, माल किती, चढ की सपाट, आणि कशी बंद पडली. तोवरच्या चारपैकी तीन वेळा टाकी पावच्या खाली होती. मला वाटलं, सापडलं! तळाचा गाळ आत ओढला जात असणार, नाहीतर झाकणाचं हवेचं भोक बुजून टाकीत ओढ बसत असणार. एक अख्खा रविवार टाकी उतरवण्यात गेला. अर्धा मग काळा चिखल निघाला, जाळी धुतली, झाकण फुंकून बघितलं. चौथ्या दिवशी गाडी पुन्हा बंद. टाकी स्वच्छ झाली हे बरंच झालं म्हणायचं, पण आजार तो नव्हता. आपण रोज दोनशे-तीनशेचंच डिझेल भरतो, टाकी बहुतेक वेळा पावच्या खालीच असते!

वहीतला शेवटचा रकाना मात्र कामाचा निघाला. पाचही वेळा मी एकच लिहिलं होतं: "एकदम. किल्ली फिरवल्यासारखी." डिझेल कमी पडलं किंवा हवा पकडली की गाडी आधी गचके देते, ओढ जाते, धापा टाकत मरते. हिने एकदाही गचका दिला नव्हता. बंद पडल्यावर फिल्टरवरचा हातपंप दाबून बघितला होता, तो कडक होता. म्हणजे पंपापर्यंत डिझेल भरलेलं. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पकडायचं नाही. हे सगळं मीच लिहिलं होतं आणि मीच टाकीखाली झोपले होते.

आता पाचवी वेळ. आई, हे वाचून झालं की पाणी पी. बडवाहच्या लग्नाहून परत येताना, रात्री साडेअकरा, भेरूघाटाच्या चढावर. उष्टी भांडी मागे. दुसऱ्या गिअरमध्ये होते, आणि आवाजच गेला. इंजिन बंद झालं की ब्रेकची मदत एक-दोन दाबांपुरती उरते, पाय दगडावर ठेवल्यासारखा होतो. पण तुम्ही शिकवलेलं आठवलं: पहिल्याच दाबात गाडी धरायची, सोडायची नाही. हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला, बरोबरच्या मदतनीस पोराने उडी मारून मागच्या चाकांना दगड लावले. गाडी वीतभर मागे सरकली आणि थांबली. भांडी तेवढी खणखणली. एकटी नव्हते, पोरगा होता, आणि मागून ट्रक हळूच येत होते. झालं ते एवढंच.

तिथे कठड्याला टेकून पोरगा म्हणाला, "दीदी, लाल बत्तियाँ तो आई ही नहीं।" मला आधी कळेना. किल्ली चालू असताना इंजिन मेलं तर समोर ऑइलचा आणि बॅटरीचा लाल दिवा लागतो, रोज सकाळी लागतो तसा. इथे काहीच लागलं नव्हतं. आणि पिवळे फॉग लाइट गेले होते, पंखा थांबला होता. हेडलाइट आणि हॉर्न मात्र ठणठणीत. म्हणजे बॅटरी जागी होती आणि किल्लीच्या मागून येणारी सगळी वीज गेली होती. पंपावरच्या सोलेनॉइडला तीच वीज लागते. ती मिळत असेपर्यंत तो डिझेलचा रस्ता उघडा ठेवतो, गेली की खटकन बंद. किल्लीने गाडी बंद होते ती त्याच्यामुळेच. डिझेल टाकीत, डिझेल पंपात, आणि दारच बंद!

दुसऱ्या दिवशी उस्तादांकडून दोन छोटे बारा व्होल्टचे बल्ब घेतले. एकाची वायर सोलेनॉइडवरून आणली, दुसऱ्याची किल्लीच्या स्विचला बॅटरीकडून जी वायर येते तिच्यावरून. दोन्ही डॅशबोर्डला चिकटपट्टीने लावले. आणि बाबा, गंमत बघा, रस्त्यावर जावंच लागलं नाही. अंगणात गाडी चालू ठेवली, पंखा लावला, पिवळे दिवे लावले आणि चहा घेऊन पायरीवर बसले. पस्तीस मिनिटांनी पहिला बल्ब विझला, गाडी बंद. दुसरा बल्ब तसाच लागलेला. म्हणजे चोर त्या दोघांच्या मधे. स्टिअरिंगखाली हात घातला तर चटका बसला. स्विचच्या मागची जोडणी काढली: प्लास्टिक वितळून तपकिरी झालेलं, आतली एक पितळी पट्टी काळी, सैल, दाताने चावल्यासारखी. तापली की फाकायची, थंड झाली की परत टेकायची. त्या वीस-पंचवीस मिनिटांचं कोडं एवढंच.

गॅरेजात कधी सापडलं नाही कारण तिथे दिवसा पंखा आणि दिवे कोण लावतं? माझ्या वहीत सात रकाने होते, "काय काय चालू होतं" हा आठवा नव्हता. पाचही वेळा रात्रीच्या होत्या हे दिसत होतं, पण आपल्या फेऱ्या रात्रीच्याच असतात म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. एप्रिलमध्ये डावा हेडलाइट मंद झाला तेव्हापासून मी पिवळे दिवे लावूनच फिरत होते, हे तर लिहायचंही सुचलं नव्हतं.

आता रागावू नका. त्या पट्टीवरून दोन जास्तीच्या वायरी निघाल्या, तुमच्या पद्धतीची गाठ मारून, वर काळी पट्टी तीनदा गुंडाळलेली. तुमच्या हाताची गाठ मी हजारात ओळखेन. एक आईच्या पंख्याची, २०११ मध्ये ओंकारेश्वरला जाताना उन्हाने हैराण झाली होती म्हणून लावलेला. दुसरी पिवळ्या दिव्यांची. ५५ वॅटचे दोन, म्हणजे नऊ अँपिअर, वर पंखा आणि माझा मोबाइलचा चार्जर, सगळं एका पट्टीतून, मधे ना रिले ना फ्यूज. (आई, रिले म्हणजे जड वीज स्वतःवर घेणारा वेगळा स्विच.) इतकी वर्षं तिने सोसलं हेच नवल.

जोडणी नवी घातली, दिव्यांना रिले आणि बॅटरीवरून वेगळी फ्यूजची वायर, पंख्याला वेगळा फ्यूज. सगळं मिळून ७४० रुपये, चहा धरून. उस्तादांनी अठरा हजारांचा विषय परत काढला नाही, मीही काढला नाही. मागच्या शनिवारी भरल्या मालानिशी भेरूघाट उतरले आणि चढले, सगळं चालू ठेवून. बल्ब लुकलुकलाही नाही. पण मे महिन्यात एकदा सोळा दिवस गाडी शहाण्यासारखी चालली होती आणि मी नारळ फोडला होता. म्हणून अजून नारळ नाही, बल्ब तसेच डॅशबोर्डवर आहेत. आई, आल्यावर "हे काय लोंबतंय" म्हणून ओढू नकोस. पंखा तुझा काढलेला नाही.

विकायचं तुमच्या मनात आहे ते धाकट्याने सांगितलं. पाऊस संपेपर्यंत तरी थांबा.

आणि बाबा, वहीत २०११ च्या पानावर "पंखा बसवला, ३५० रु." एवढंच आहे, वायर कुठून घेतली ते नाही. शेजारी मी पेन्सिलीने लिहून ठेवलंय.

डोळ्यात थेंब वेळेवर घाला.

तुमची
थोरली