किल्लारीच्या काकूंना, धादिंगहून परत आलेल्या आमच्याकडून

ती. काकू,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मुलाकडे पुण्याला राहायला गेल्यापासून आपलं बोलणं फोनवरच होतं, आणि फोनवर आभाराचा विषय काढला की तुम्ही "पुरे गं, आईला औषध दिलंस का?" म्हणून बोलणं वळवता. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. आमच्या चर्चचे लोक भूकंपानंतर नेपाळला गेले, तिथे चांगलं काम झालं, असं इंदूरमध्ये आजही कुणी ना कुणी म्हणतं. त्या कामात तुमचा वाटा किती होता हे आपल्या राजेंद्रनगरच्या गल्लीतसुद्धा फारसं कुणाला माहीत नाही. ते मला सांगायचं आहे.

२५ एप्रिल २०१५ हा शनिवार होता. नेपाळमध्ये साप्ताहिक सुट्टी शनिवारी, त्यामुळे तिथल्या चर्चमधली उपासनाही शनिवारीच होते. दुपारी बाराला चार मिनिटं कमी असताना ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सुट्टीमुळे शाळा रिकाम्या होत्या आणि असंख्य मुलं वाचली. त्याच सुट्टीमुळे प्रार्थनेला जमलेली माणसं मात्र कित्येक ठिकाणी भिंतींखाली सापडली. देशभरात नऊ हजारांच्या आसपास माणसं गेली. नेपाळच्या धादिंग जिल्ह्यातल्या एका चर्चच्या मंडळीकडून आमच्या पाळकांकडे निरोप आला आणि आमची जायची तयारी सुरू झाली.

पहिल्याच रविवारी चर्चचा हॉल जुन्या कपड्यांनी भरला. लोकांनी मनापासून आणून दिले होते. तुम्ही आईला भेटायला आलात, मी कौतुकानं तुम्हाला ते सगळं सांगितलं, आणि तुम्ही म्हणालात, "कपडे नका नेऊ. आमच्याकडे रस्त्याच्या कडेला ढीग पडले होते, पावसात कुजून गेले. कुणी हात लावला नाही."

तुमचं माहेर लातूरकडचं एवढंच आम्हाला ठाऊक होतं. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट, गणपती विसर्जनाची रात्र, चारच्या सुमाराचा तो किल्लारीच्या भूकंपाचा धक्का, त्यात गेलेली तुमची भावजय आणि भाचा, हे त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा कळलं. तुम्ही डोळे पुसले नाहीत, आवाजही चढवला नाही. घर कसं पडलं ते सांगितलंत. मातीत रचलेली दोन पदरी दगडी भिंत, मधे भरलेली खडी आणि माती, दोन्ही पदर धरून ठेवणारा आरपार दगड कुठेच नाही, आणि डोक्यावर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, वजन. भिंतीचे पदर सुटले आणि वरचं सगळं खाली आलं. "त्या डोंगरातली घरंही दगडमातीचीच असतील. धक्के चालू असेपर्यंत उभ्या राहिलेल्या भिंतीच्या सावलीला बसू नका," असं तुम्ही बजावलंत. मी नर्स आहे. जखमा कशा बांधायच्या हे मला येत होतं, पण पडलेल्या गावात कसं वागायचं हे मला तोवर कुणीच शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः आमच्याबरोबर सियागंजला आलात. दुकानदार तिरपालचे गठ्ठे काढून दाखवत होता आणि तुम्ही प्रत्येक ताडपत्री उलगडून उजेडाकडे धरत होतात, विणीतून टाचणीएवढा प्रकाश दिसला तरी बाजूला. कोपऱ्यातल्या पितळी कड्या अंगठ्यानं ओढून बघितल्या. "वाऱ्यात पहिली कडीच फाटते," म्हणालात. दोरी जाड घ्यायला लावलीत आणि प्रत्येक ताडपत्रीबरोबर वेगळी बांधायला लावलीत. मग बायकांचं सामान: सॅनिटरी नॅपकिन, आतले कपडे नवे कोरे, झाकणाच्या बादल्या, टॉर्च. "उघड्यावर राहणाऱ्या बाईला रात्री टॉर्च लागतो, हे पुरुषांच्या यादीत येत नाही." आमच्या यादीत ते खरंच नव्हतं. हॉलमधले कपडे इंदूरमध्येच वाटले, आणि ज्यांनी दिले होते त्यांना तुम्हीच एकेकाला समजावलंत.

१२ मेला ७.३ चा दुसरा मोठा धक्का बसला. आमच्या आईनं जाऊ देणार नाही म्हणून हट्ट धरला. तुम्ही तिच्याजवळ किती वेळ बसला होतात आणि काय बोललात हे तिनं मला अजून सांगितलेलं नाही. मी परत येईपर्यंत तिचं इन्सुलिन, तिचं जेवण आणि रात्रीची सोबत, सगळं तुम्ही केलंत. याबद्दल मी किती लिहिलं तरी अपुरंच पडेल.

गोरखपूरपर्यंत रेल्वे, सोनौलीची सीमा, मग नारायणगड, मुग्लिन, मलेखू आणि तिथून वर धादिंगबेसी. जड सामान, पत्रे आणि तांदूळ आम्ही नारायणगडला घेतले, हाही तुमचाच सल्ला: तिथलं दुकान चालू राहिलं तर तिथला माणूस उभा राहतो.

वरच्या एका तामाङ समाजाच्या वस्तीत आम्ही तांदळाचं पोतं घेऊन एका म्हाताऱ्या आजींकडे गेलो. त्यांनी पोत्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पडलेल्या घराकडे हात करून त्या पुन्हा पुन्हा काहीतरी सांगत होत्या. आमच्यातल्या एकाला वाटलं, कुणी माणूस आत राहिलं असेल. मला तुमचं वाक्य आठवलं: "आधी विचारा, बी कुठे आहे? आणि जनावरं?" तिथल्या पाळकांनी विचारलं तेव्हा कळलं की पुढच्या पेरणीचं मक्याचं बी आत गाडलं गेलं होतं. पावसाळा तोंडावर आलेला. मुलांनी दिवसभर दगड उचलले. संध्याकाळी कणसांच्या जुड्या बाहेर निघाल्या, काही भिजलेल्या, बऱ्याचशा कोरड्या. आजींनी एक कणीस सोललं, दाणे तळहातावर घेतले, दातानं फोडून बघितले, आणि मग पहिल्यांदा आमच्याशी हसून बोलल्या. तांदूळ महिन्याभरात संपला असता. काकू, तिथे कणसं निघाली ती तुमच्यामुळे.

आणखी एक गोष्ट. मी निघताना तुम्ही मला अगदी स्पष्ट सांगितलं होतंत, "तुमची प्रार्थना तुम्ही करा, पण वस्तू देताना देवाचं नाव घेऊ नका. घेणाऱ्याला वाटतं, याची किंमत द्यायची आहे." हे ऐकून मला वाईट वाटेल की काय, असंही तुम्ही विचारलंत. वाईट वाटलं नाही. आमच्या पाळकांचंही तेच म्हणणं होतं, आणि नेपाळमध्ये दुसऱ्याचं धर्मांतर करायला कायद्यानंच बंदी आहे. धादिंगच्या मंडळीनं यादी केली तीसुद्धा घर किती पडलं, घरात लहान आणि म्हातारं कोण आहे, एवढंच बघून. मला याचं फार समाधान आहे. आपल्या इंदूरचं ख्रिश्चन कॉलेज १८८७ सालचं, कॅनडातून आलेल्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी काढलेलं. तिथे शिकून बाहेर पडलेले बहुतेक लोक आपापल्या धर्मातच राहिले आणि कॉलेजबद्दल आजही आपुलकीनं बोलतात. परक्या देशात जाऊन करायची सेवा अशीच असावी असं मला वाटतं.

तुम्हाला आवडेल अशी एक बातमी. पुढे नेपाळ सरकारनं घर बांधायला कुटुंबामागे तीन लाख नेपाळी रुपयांचं अनुदान हप्त्यांनी दिलं, आणि पुढचा हप्ता इंजिनिअरनं बांधकाम पाहिल्यावरच मिळायचा. दगडमातीचं घर बांधायलाही परवानगी होती, पण भिंतीत ठरावीक उंचीवर आडवे पट्टे घालायचे आणि आरपार दगड बसवायचे. म्हणजे तुम्ही आमच्या ओट्याशी उभं राहून जे नव्हतं म्हणून सांगितलंत, तेच तिथे आता सक्तीचं झालं.

आमच्या चर्चमधून कुठेही मदतीला माणसं निघाली की तयारीच्या बैठकीत मी तुमच्या सूचना वाचून दाखवते. कपडे नाहीत, टॉर्च हवेत, कड्या ओढून बघा, बी आणि जनावरं विचारा, रडणाऱ्या माणसाचा फोटो काढू नका. आतापर्यंत "आमच्या काकूंनी सांगितलंय" एवढंच म्हणत होते. तुमची हरकत नसेल तर यापुढे किल्लारीचं नावही घेईन. भावजयीचं आणि भाच्याचं सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. फोनवर सांगायला जड जात असेल तर दोन ओळी लिहून पाठवा.

आई तुम्हाला नमस्कार सांगते आहे. दिवाळीनंतर या, थंडीत गराडू खायला सराफ्यात जाऊ.

तुमची,
राजेंद्रनगरची शेजारीण