आधी हात, मग मन

संपादक महोदय,

नैराश्यावरचा कुठलाही लेख उघडा, ‘इच्छाशक्ती हवी’ हे वाक्य हटकून भेटतं. अहो, इच्छाच मरते, तोच तर हा आजार! गोळ्यांचा गुण यायलाही काही आठवडे लागतात. तोवर दिवस ढकलायचा कसा?

माझ्या समुपदेशक बाईंनी उलटं शिकवलं: मन लागण्याची वाट पाहू नका, आधी हात हलवा. ‘बिहेवियरल ॲक्टिव्हेशन’ म्हणतात त्याला. म्हणून मी रात्रीच ब्रशवर पेस्ट लावून ठेवते. सकाळी ती वाळून कडक झालेली असते, पण तेवढंच एक काम कमी. वहीत लिहिते, ‘दात घासले’. मंगळवारी एक मोजा पायात, दुसरा हातात धरून अर्धा तास बसले होते. तेही लिहिलंय.

– एक वाचक