वर्गशिक्षिका बाईंना, वहीच्या एका पानाबद्दल

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

परवानगी विचारलेली नाही, म्हणून या जाहीर पत्रात आपले नाव लिहीत नाही. पत्र कोणासाठी आहे हे आपल्याला पहिल्या दोन ओळींतच कळेल.

पालकसभा संपल्यावर आपण माझ्या हातात वहीचे एक फाडलेले पान दिलेत. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ हा शेरा मी पहिलीपासून प्रत्येक प्रगतिपुस्तकात वाचत आले होते आणि त्यावरून लेकीला, खोटे कशाला बोलू, दोनदा मारलेही होते. आपल्या पानावर तो शेरा नव्हता. तीन आठवड्यांच्या नोंदी होत्या : भागाकाराची दुसरी पायरी लिहून पेन्सिलीच्या टोकाकडे पाहत राहिली, हाक मारताच दचकली, उत्तर मात्र बरोबर दिले, डबा दोनदा विसरली, चित्रकलेच्या तासाला घंटा ऐकूच आली नाही.

बालमानसोपचारतज्ज्ञांनी माझे बोलणे थांबवून आधी ते पान वाचले. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणे किंवा स्वतःला आवरणे अवघड जाण्याची मेंदूच्या वाढीशी निगडित अवस्था, रक्ताच्या तपासणीत किंवा स्कॅनमध्ये सापडत नाही. लक्षणे वयाच्या १२ वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान ६ महिने टिकलेली आणि घर व शाळा अशा निदान दोन ठिकाणी दिसणारी असावी लागतात, त्यामुळे एकट्या आईच्या सांगण्यावर काम भागत नाही. कान-डोळे तपासून झाल्यावर आपली आणि माझी प्रश्नावली त्यांनी शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा लक्ष न टिकण्याच्या ९ लक्षणांपैकी ७ दोन्हीकडे जुळली. दंगा करणारी मुले लगेच नजरेत भरतात, खिडकीशी गप्प बसणाऱ्या मुली मात्र वर्षानुवर्षे निसटून जातात, असेही ते म्हणाले.

मेथिलफेनिडेट हे एडीएचडीवरचे औषध कमी मात्रेत सुरू केले आहे. ‘गोळीने पोर मंद होईल’ ही सासूबाईंची भीती खरी ठरली नाही. दुपारची भूक मात्र मरते, म्हणून सकाळी थालीपीठ पोटभर खाऊ घालूनच गोळी देते, आणि वजन, उंची व रक्तदाब यांची नोंद ठेवते. पण गोळी काही दप्तर भरत नाही. आपण तिला पहिल्या बाकावर घेतलेत, एका वेळी एकच सूचना देऊ लागलात, दहा उदाहरणांचे पाच-पाचचे दोन भाग केलेत. त्याचा उपयोग औषधाइतकाच झाला, असे माझे मत आहे.

पुढच्या तपासणीसाठी डॉक्टरांनी आपल्या हातचे आणखी एक पान मागितले आहे. या वेळी तीन आठवडे नकोत, एक पुरे.

आपली कृतज्ञ,
एक आई