फोटो पुरे, आता नमुने मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘तुमच्या भागातील प्रदूषणाची छायाचित्रे पाठवा’ हे आपल्या दैनिकातील आवाहन वाचले. हेतू चांगला आहे. पण छायाचित्रात पाण्यावरचा फेस दिसतो, पाण्यात काय मिसळले आहे ते दिसत नाही. फोटो छापून येतो, संबंधित खाते ‘पाहणी करू’ म्हणते आणि विषय तिथेच मिटतो. वाचकांना खरोखर सोबत घ्यायचे असेल तर त्यांच्याकडून मोजमाप मागा, आणि ते कसे करायचे हेही त्यांच्याबरोबर बसूनच ठरवा.

अमेरिकेतील फ्लिंट शहरात एप्रिल २०१४ मध्ये नदीचे पाणी पुरवायला सुरुवात झाली. पाइप गंजू नयेत म्हणून मिसळायचे रसायन त्यात मिसळले गेले नाही आणि जुन्या पाइपांतले शिसे पाण्यात उतरू लागले. लोक गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना जात होते, अधिकारी आपल्या तपासणीचे आकडे पुढे करत होते. खोट होती ती तपासणीच्या रीतीत. नमुना घेण्याच्या आदल्या रात्री नळ काही मिनिटे वाहता ठेवा, अशी सूचना रहिवाशांना दिली जाई. म्हणजे साठलेले शिसे आधीच मोरीत!

२०१५ साली तिथल्या रहिवासी लीअ‍ॅन वॉल्टर्स, एका नागरी हक्क संघटनेसाठी काम करणारे शोधपत्रकार कर्ट गायेट आणि व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे मार्क एडवर्ड्स यांचा गट एकत्र आला. सुमारे ३०० संच घरोघरी गेले. प्रत्येक संचात तीन बाटल्या. रात्रभर नळ वापरायचा नाही. सकाळची पहिली धार एका बाटलीत, ४५ सेकंदांनंतरची दुसरीत, दोन मिनिटांनंतरची तिसरीत. अडीचशेहून अधिक संच भरून परत आले. दहा घरांमागे किमान एका घरात शिशाचे प्रमाण एक अब्ज भागांत २५ च्या वर निघाले. सरकारने कृती करावी अशी तिथली तेव्हाची पातळी १५ ची होती. त्याच सुमारास मुलांच्या रक्ततपासणीचे आकडेही बाहेर आले आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये शहर पुन्हा जुन्या पुरवठ्यावर गेले.

माझी हयात रसायनशास्त्र शिकवण्यात गेली, म्हणून असेल कदाचित, पण या सगळ्यात मला खरी बातमी वाटते ती आदल्या रात्री सोडलेल्या नळाची. ‘अहवाल दाखवा’ म्हणणारे बातमीदार पुष्कळ आहेत. ‘नमुना कोणी, कुठे, किती वाजता घेतला?’ असे विचारणारे थोडे. हा प्रश्न बहुधा त्याच नळाखाली रोज भांडे धरणाऱ्याला आधी सुचतो.

अशा कामात सरकारशी भांडण असलेच पाहिजे असे मात्र नाही. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात ‘दे स्टँडार्ड’ हे दैनिक, अँटवर्प विद्यापीठ आणि सरकारी पर्यावरण संस्था यांनी मिळून मे २०१८ मध्ये सुमारे २० हजार नागरिकांना वाहनांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड वायू मोजायला लावले. रस्त्याकडच्या खिडकीबाहेर छोट्या नळ्या महिनाभर टांगायच्या, एवढेच काम. तशाच नळ्या सरकारी मोजणी केंद्रांपाशीही लावल्या होत्या, त्यामुळे आकडे पडताळता आले. दोन्ही बाजूंना उंच घरे आणि मध्ये तुंबलेली वाहने अशा रस्त्यांवरची हवा जवळच्याच मोकळ्या रस्त्यापेक्षा किती वाईट असते, हे नकाशावर दिसले. मोजक्या केंद्रांच्या सरासरीत ते दिसणे शक्यच नव्हते.

उलट बाजूही आहे. धूलिकण मोजणारे स्वस्त सेन्सर दमट हवेत फसतात: कण ओलावा शोषून फुगतात आणि आकडा वाढतो. धुक्याच्या सकाळचा एक आकडा उचलून मथळा केला, तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागेल आणि मेहनत करणाऱ्या नागरिकांचीच टिंगल होईल. काही आठवडे सरकारी केंद्राशेजारी ठेवून पडताळलेले उपकरणच वापरावे. पाण्याच्या बाबतीत एकाच जागेचे दोन नमुने, सोबत (बाटलीतूनच काही मिसळत नाही ना, हे ताडायला) शुद्ध पाण्याची एक बाटली आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळा, याला पर्याय नाही.

आणखी एक. ज्याने नमुना दिला त्याला त्याचा निकाल छापण्याआधी कळवा, तो निर्धोक निघाला तरीही. नाव छापण्यापूर्वी विचारा. ज्याच्या घरातला माणूस प्रदूषण करणाऱ्या कारखान्यातच कामाला आहे, त्याच्या नावावर आपण शौर्य मिरवण्याचे कारण नाही.

तेव्हा पुढच्या आवाहनात एकच ठरावीक प्रश्न, नमुना घेण्याची कृती आणि बाटल्या कुठे मिळतील हे छापावे. प्रयोगशाळेचा खर्च दैनिकाने उचलावा. बाटल्या धुणे, लेबल लावणे, वेळ नोंदवणे हे वाचकांना शिकवायला मी येईन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक