कड्यावर अंतर कुठून मोजायचे?

मा. संपादक,

सात रस्त्याजवळ महिनाभर ‘कोकणात सी-व्ह्यू एनए प्लॉट’ असा मोठा फलक झळकतो आहे. आम्हा सोलापूरकरांना समुद्राची हौस दांडगी. मेव्हण्याने इसार द्यायचे मनावर घेतले, म्हणून त्याच्याबरोबर रत्नागिरी जिल्ह्यातली ती जागा पाहून आलो. जांभ्याचा सपाट सडा, म्हणजे उघडे खडकाळ पठार, पुढे थेट कडा, खाली लाटा. कड्याच्या धारेपासून पन्नासेक पावलांवर फक्की मारून प्लॉट पाडले होते.

एजंट म्हणाला, “भरतीरेषेपासून ५० मीटर सोडलेत, काळजी नको.” सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यावरील बांधकामाला मर्यादा घालणाऱ्या नियमांच्या, २०१९ च्या अधिसूचनेत ५० मीटरची सवलत आहे खरी, पण ती २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून जास्त वस्ती असलेल्या ग्रामीण भागाला. बाकी ग्रामीण किनाऱ्याला २०० मीटर. त्या गावात तर भर दुपारी पत्ता विचारायला माणूस सापडेना!

एजंटाचे सोडा. मूळ घोळ मोजणीतच आहे. अंतर भरतीरेषेपासून धरतात. पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, ते चालेल. कड्यापाशी ती रेषा पायथ्याला असते आणि धार ढासळत मागे येत असते. आपल्याकडे काळी माती उपसून मुरूम लागला की पाया भरतात. जांभ्याच्या कड्यात सगळे उलटे: वर कठीण कवच, खाली मऊ चिकणमाती. पावसाचे पाणी झिरपून ही माती सुटते, लाटा पायथा पोखरतात, वरचा जांभा अधांतरी राहतो. धारेला समांतर एक भेग दिसली, तिच्यात काठी घातली तर मुठीपर्यंत गेली. खाली वाळूत बैलगाडीएवढे तांबडे धोंडे पडलेले. आणि वर बंगले, पोहण्याचे तलाव, सेप्टिक टँक येणार. म्हणजे बारमाही पाणी मुरणार.

१:५ हून (पाच फुटांमागे एक फूट चढ) तीव्र डोंगरउतारावर राज्याची नियमावली बांधकाम होऊ देत नाही. सडा पडला सपाट, त्याला हा नियम लागत नाही. किनाऱ्याला कुठवर धोका पोचू शकतो हे दाखवणारी धोकारेषा भारतीय सर्वेक्षण विभागाने आखली आहे, पण अधिसूचनेने ती आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यापुरती ठेवली. कड्यांसाठी अंतर धारेपासून मोजावे, कडा जितका उंच तितके ते वाढवावे आणि परवानगीआधी भूवैज्ञानिकाचा अहवाल सक्तीचा करावा, एवढीच माझी मागणी आहे.

मेव्हण्याने इसार दिलेला नाही. फलक अजून आहे. त्यावरच्या चित्रात बंगल्याचा कठडा अगदी धारेवर काढला आहे.

– एक वाचक, जुळे सोलापूर