कोर्सचे पैसे तूर्त खिशातच ठेव

पुणे
रविवार सकाळ

प्रिय अव्या,

वाचनालयाचं अ‍ॅप करायचं म्हणून तू कोर्सला पैसे भरायला निघालायस, असं वहिनींकडून कळलं. जरा दम धर. अँड्रॉइड स्टुडिओ, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅप लिहायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, लॅपटॉप तुझ्याकडे आहे, आणि वस्तू खोलून बघायची खोड तर शाळेपासूनची. स्क्रीन करायला शिकायला तेवढं पुरतं.

यूट्यूबवर काही बघितलंस तर तारीख तपास. जेटपॅक कंपोज म्हणजे अ‍ॅपची स्क्रीन कोटलिन भाषेत लिहायची गूगलची नवी पद्धत, तिची १.० आवृत्ती जुलै २०२१ मध्ये आली. त्याआधीचे धडे बहुतेक एक्सएमएलवाले, म्हणजे स्क्रीनची मांडणी वेगळ्या फायलीत लिहायच्या जुन्या पद्धतीचे. ती पद्धत अजून चालते, पण तू कोरी पाटी घेऊन बसतोयस, तर कंपोजच धर.

माझी रीत सांगतो. रिकामा प्रोजेक्ट उघडायचा, एकच गोष्ट बदलायची, आणि रन करण्याआधी काय दिसेल ते कागदावर लिहायचं. लिहायचा कंटाळा येतो, मला अजूनही येतो. पण न लिहिता केलं की जे दिसेल ते आपल्याला आधीच ठाऊक होतं असं वाटायला लागतं.

आता हे करून बघ. एका टेक्स्टला पिवळं बॅकग्राउंड आणि १६ डीपी पॅडिंग, म्हणजे भोवतीची मोकळी जागा, दे. (डीपी हे स्क्रीनवरच्या लांबीचं माप.) आधी पॅडिंग, मग बॅकग्राउंड लिहिलंस तर रंग अक्षरांपुरताच राहतो, मोकळी जागा त्याच्या बाहेर. दोघांची अदलाबदल कर, रंग मोकळ्या जागेतही पसरतो. पॅडिंग, बॅकग्राउंड असल्या सूचनांची ही साखळी म्हणजे मॉडिफायर, आणि त्यात क्रमाला किंमत आहे. तिथेच क्लिकेबल (दाबता येण्याची सूचना) घालून कडेला बोट लाव. क्लिकेबल पॅडिंगच्या आधी असेल तर कडही दाबली जाते, नंतर असेल तर बोट फुकट. ‘बटण कधी लागतं, कधी लागत नाही’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा एवढंच असतं.

मग मोजणीचं बटण. फंक्शनमध्ये साधा व्हेरिएबल ठेव, दाबलं की एक वाढव आणि लॉगमध्ये, म्हणजे स्टुडिओतल्या नोंदींच्या खिडकीत, छाप. लॉगमध्ये एक, दोन, तीन. स्क्रीनवर शून्य ढिम्म! आकडा वाढला हे कंपोजला कळायला मार्गच नाही. म्युटेबलस्टेटऑफ (बदल कंपोजला कळवणारं) आणि रिमेंबर (आकडा लक्षात ठेवणारं) घातलंस की स्क्रीन हलते. मग फोन आडवा कर, पुन्हा शून्य, कारण फिरवल्यावर अख्खी अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे अ‍ॅपची ती खिडकी, नव्याने उभी राहते. रिमेंबरच्या जागी रिमेंबरसेव्हेबल टाक, आकडा टिकेल. अशा बदलत्या माहितीला स्टेट म्हणतात; त्यावरची व्याख्यानं याच्यानंतर ऐक, आधी नको.

आणि आपल्या लिपीची एक खास गोष्ट. बटणाला ४० डीपी ठाम उंची दे, आत ‘कुटुंब वर्गणी’ लिही आणि फोनचा फॉण्ट सगळ्यात मोठा कर. अँड्रॉइड १४ पासून तो २०० टक्क्यांपर्यंत जातो. उंची डीपीत, अक्षरं एसपीत, म्हणजे फोनच्या फॉण्टबरोबर वाढणाऱ्या मापात. अक्षरं वाढतात, बटण जागचं हलत नाही. खाली उकार कापला जातो. ठाम उंची काढून किमान ४८ डीपी दे, बटण अक्षरांबरोबर वाढेल. इंग्रजी मजकुरावर हे उशिरा लक्षात येतं, मराठीवर लगेच. तुझे अर्धे सभासद साठीच्या पुढचे, त्यांचे फॉण्ट मोठेच असणार.

डेटाबेस, लॉगिन वगैरेचं नाव सध्या काढू नकोस. पुस्तकांच्या यादीची एक स्क्रीन कर, लेझीकॉलम (कंपोजमधली सरकती यादी) वापर, आणि जे अडेल त्याचा स्क्रीनशॉट पाठव. रात्री नऊनंतर फोन कर, तोवर पोरं झोपलेली असतात.

वहिनींना नमस्कार, चिंगीला पापा.

तुझा,
संज्या